बाळाच्या कानी काय पडते?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच चिंतेची आहेत. मूल दोन वर्षांचे झाले, अडीच वर्षांचे झाले, पण 'अम्मी' आणि 'पानी' यापलीकडे बोलत नाही. घरात कोणी म्हणते, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता. कोणी म्हणते, घरात दखनी, अंगणात मराठी, बालवाडीत इंग्रजी, पोरगे गोंधळले आहे, एकच भाषा ठेवा. आणि बहुतेक पत्रांत एक वाक्य ओझरते येऊन जाते : मोबाइल दिला की मात्र तासभर शांत बसतो. या ओझरत्या वाक्याकडे आम्ही येणारच आहोत. त्याआधी बाळ भाषा कशी उचलते ते थोडे पाहू.

कानाचे काम जन्माच्या आधीच सुरू होते. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी जेमतेम तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि ती एका यंत्राला जोडली. चोखण्याची लय एका प्रकारची असली की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या प्रकारची असली की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशी लय धरली. हा आवाज त्यांना पोटात असतानाच ओळखीचा झाला होता.

याहून मोठी गोष्ट कॅनडातील व्हँकुव्हर येथे दिसली, आणि तिचा आपल्या भाषांशी सरळ संबंध आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकवले. आपल्याला हे दोन आवाज वेगळे आहेत हे सांगावे लागत नाही. 'ताट' म्हणताना दोन्ही येतात. इंग्रजी माणसाला मात्र तो फरक कानाला जाणवतच नाही. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, आणि बरोबर वळवली तर शेजारच्या पेटीतले खेळण्यातले जनावर उजळून हलायचे, असा तो खेळ होता. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे आवाज बदलताच मान वळवीत. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत तसे करणारी थोडीच उरली. दरम्यान कान बिघडला नव्हता. घरात जो फरक कधी कानावर पडला नाही, त्याकडे लक्ष देणे मेंदूने सोडून दिले होते.

म्हणजे पहिल्या वर्षात, मूल एक शब्दही बोलत नसताना, कोणते आवाज कामाचे आणि कोणते नाहीत याची निवड चाललेली असते. मराठी कानी पडणाऱ्या मुलाला 'काल' आणि 'काळ' हे दोन शब्द आहेत. उर्दूत ळ नाही, आणि उर्दूतला क़ाफ मराठीत नाही. दखनीत तर त्या क़ाफचाही ख़े होतो. मोठेपणी हे आवाज शिकता येत नाहीत असे नव्हे. मक्तबात सात-आठ वर्षांची मुले ऐन आणि हमज़ा वेगळे काढायला शिकतातच. पण त्यासाठी उस्तादांना मुलाला समोर बसवून, आपल्या तोंडाकडे बघायला लावून, तेच हरफ वीस वेळा म्हणवून घ्यावे लागते. बाळ हीच मेहनत कोणी न सांगता करीत असते. तोंडाकडे बघणेही त्यात आले : चार महिन्यांचे बाळ बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघते, आठ महिन्यांच्या सुमारास त्याची नजर ओठांवर खिळू लागते.

मग प्रश्न येतो की, आवाज कानावर पडणे एवढेच पुरेसे असेल तर टीव्ही किंवा मोबाइलवरच्या बालगीतांनी काम का होऊ नये? तिथेही बोलणे असतेच, उच्चारही शुद्ध असतात. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कूल यांनी नेमके हेच तपासले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्तींनी महिनाभरात १२ वेळा, दर वेळी २५ मिनिटे, चिनी भाषेत गप्पा मारल्या, खेळणी दाखवली, पुस्तके वाचली. त्या बाळांना चिनी आवाजांतला फरक ओळखता येऊ लागला. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे, तितकाच वेळ, पण पडद्यावर दाखवले. तिसऱ्या गटाला नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांना काहीच आले नाही. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

समोरचे माणूस बाळ कुठे बघते ते पाहून बोलते. बाळाने चेंडूकडे पाहिले तर चेंडूविषयी बोलते, बाळ 'बा' म्हणाले तर थांबते आणि उत्तर देते. पडदा कोणासाठी थांबत नाही. "तासभर एकटक बघतो, केवढे लक्ष आहे त्याचे," असे कौतुकाने लिहिणाऱ्या आयांना आम्हाला सांगावेसे वाटते की, हे लक्ष अभ्यासाला लागणारे लक्ष नाही. दर दोन-तीन सेकंदांनी दृश्य बदलले, आवाज आला, रंग चमकला की मान तिकडे वळणारच. नव्या उत्तेजकाकडे वळण्याच्या या उपजत सवयीला रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह 'हे काय आहे?' प्रतिक्षेप म्हणत. कार्टून हीच कळ पुन्हा पुन्हा दाबते. मुलाने लक्ष दिलेले नसते, ते त्याच्याकडून ओढून घेतलेले असते.

नुसता चालू ठेवलेला टीव्हीही निरुपद्रवी नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात एक ते तीन वर्षांच्या मुलांना तासभर खेळायला सोडले आणि त्यातला अर्धा तास खोलीत मोठ्यांचा एक कार्यक्रम लावून ठेवला. मुले पडद्याकडे अधूनमधून, काही सेकंदच बघत. तरीही तेवढ्या वेळात त्यांचा खेळ तुटक झाला, एका खेळण्यावर टिकण्याचा वेळ कमी झाला. त्याच मंडळींच्या दुसऱ्या अभ्यासात टीव्ही चालू असताना आई-वडीलच मुलाशी कमी बोलतात असे आढळले. आमच्या मते हे दुसरे नुकसान मोठे आहे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत न्यूयॉर्कची एक शाळा सांगण्यासारखी आहे. तिच्या एका बाजूच्या वर्गांजवळून उन्नत रेल्वे धडधडत जाई. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवले की, त्या बाजूची मुले सहावीपर्यंत शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात सुमारे एक वर्ष मागे पडली होती. नंतर रुळांखाली रबर घातले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि हा फरक नाहीसा झाला. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांतून राहणाऱ्या वाचकांनी हे नजरेआड करू नये. माग बंद ठेवता येणार नाही. मुलाची अभ्यासाची जागा मागाच्या भिंतीपासून दूरच्या खोलीत नेता येते.

आता 'एकच भाषा ठेवा' या सल्ल्याकडे वळू. आमचे स्पष्ट मत आहे की, हा सल्ला मानू नये. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द मोजले तर ते कमी भरतात. पण दादीशी 'बिल्ली' आणि शेजारच्या काकूंशी 'मांजर' म्हणणाऱ्या मुलाला दोन शब्द येतात, एक नव्हे. दोन्हींची बेरीज केली की हिशेब इतर मुलांच्या बरोबरीने जुळतो. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. उलट ज्या भाषेत आईला लाड करता येतात, रागावता येते, गोष्ट रंगवता येते, ती सोडून तिने अडखळत्या इंग्रजीत 'कम', 'सिट', 'ईट' सुरू केले तर मुलाच्या कानी पडणारी भाषाच आटते. रत्नागिरीच्या घरात कोकणी असेल तर कोकणीच बोलावी.

आखातात नोकरीला असलेल्या वडिलांची पत्रेही येतात. मोबाइल वाईट, तर मग आम्ही मुलाशी बोलायचे कसे? त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले समोरासमोरच्या बोलण्यातून जशी नवी क्रियापदे शिकली, तशीच ती थेट व्हिडिओ कॉलवरूनही शिकली. आधी चित्रित करून ठेवलेल्या फितीतून शिकली नाहीत. कॉलवर माणूस मुलाचे ऐकतो, उत्तर देतो, हाच फरक. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये असे सांगताना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे. दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. तेव्हा अब्बांनी रोज दहा मिनिटे कॉल करावा, आणि त्या दहा मिनिटांत मोठ्यांच्या पैशापाण्याच्या गोष्टी काढू नयेत. मुलाला हातातली वस्तू दाखवायला सांगावे आणि त्याच वस्तूवर बोलावे.

एवढे करूनही मूल बोलत नसेल तर 'बापही उशिरा बोलला' म्हणून थांबू नये. वर्षाचे झाले तरी बडबडत नाही की बोट दाखवून मागत नाही, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षे झाली तरी 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नाही, तर आधी कान तपासावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येते, आणि पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून कोणाला कळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते, गरज पडल्यास पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईजवळच्यांसाठी वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. ते १९७० च्या दशकात आपल्या राज्याचे राज्यपाल होते. तपासणीला सुई नसते. कानात छोटी नळी ठेवून होणारी तपासणी काही मिनिटांची असते. बेरा नावाची तपासणी मूल गाढ झोपलेले असतानाच नीट होते, म्हणून वेळ घेताना बाळाच्या दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्यावी.