बिहारला कोण फिरायला जातं?

परवा कोसी नदीचे चार फोटो टाकले. धुकं, वाळू, एक नाव, पाण्यात बसलेल्या म्हशी. त्याखाली दोन प्रकारच्या कमेंट आल्या. पहिली: "किती शांत! किती अस्सल! होमस्टे आहे का तिथे?" दुसरी: "बिहारला कोण फिरायला जातं राव? तिथले सगळे तर इकडे चाकणला आलेत." दोन्ही आपलीच माणसं, दोघांशीही माझं चांगलं आहे. पण दोन्ही कमेंट एकाच अज्ञानातून आल्यात, म्हणून दोघांना मिळून एकच उत्तर देतोय. लांब आहे. वेळ नसेल तर पुढे सरका, राग नाही.

आधी कसं गेलो ते सांगतो, कारण निम्म्या लोकांना तेवढंच हवंय. कल्याणहून पवन एक्सप्रेस, दरभंग्याला उतरायचं. तिथून सुपौलकडे जाणारी गाडी कोसीच्या नव्या पुलावरून जाते. १९३४ च्या भूकंपात इथला जुना रेल्वेमार्ग तुटला, तो थेट २०२० साली जोडला गेला. निर्मली ते सरायगढ हे अंतर आहे २२ किलोमीटर, आणि मधल्या काळात रेल्वेने जायचं तर जवळजवळ ३०० किलोमीटरचा वळसा होता. चाकणहून आळंदीला जायला नाशिक फिरून यावं लागलं असतं, तर आपण किती सरकारं पाडली असती?

सुपौलला उतरून रिक्षाने तटबंधावर यायचं. तटबंध म्हणजे नदीच्या कडेने घातलेला मातीचा उंच बांध. त्यावर चढलं की पलीकडे नदी दिसेल असं वाटतं. दिसतात शेतं, झोपड्या, वाळू, आणि लांब कुठेतरी पाण्याची रेघ. हिवाळ्यात नदी अनेक धारांत फाटलेली असते. एक धार नावेने, मग तासभर वाळू तुडवायची, मग दुसरी नाव. मग गाव. गावाचं नाव लिहीत नाही, रीलवाले पोचतील.

आणि गाव सुंदर आहे, यात वाद नाही. गाळाच्या जमिनीत मका आणि मोहरी, गवताच्या आणि बांबूच्या झोपड्या, वर पत्रा. सिमेंटचं जवळजवळ काही नाही. शहरातून गेलेल्या माणसाला हे पाहून लगेच "इको-फ्रेंडली" सुचतं. मला तिथल्या एका आजोबांनी पत्रा कसा बांधलाय ते दाखवलं. खिळे कमी, दोऱ्या जास्त. का? तर सोडून नावेत टाकता यावा म्हणून. ते घर उचलायच्या हिशोबानेच बांधलेलं असतं. नदी कडा कापायला लागली की पत्रा, बांबू, चौकट, चूल घेऊन दुसऱ्या उंचवट्यावर जायचं. दहा-बारा वेळा घर उचललेली माणसं तिथे सहज भेटतात. ज्याला आपण साधेपणा म्हणून लाइक करतो, ती सत्तर वर्षांची बिऱ्हाडं आहेत.

हे नदीने केलं असं म्हणाल तर अर्धंच खरं. कोसी हिमालयातून अफाट गाळ आणते आणि पात्र बदलते. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती शंभरहून जास्त किलोमीटर पश्चिमेला सरकली. लोकांना ते माहीत होतं. पाणी यायचं, पसरायचं, गाळ टाकायचं, उतरायचं. लोक तिला शिव्याही द्यायचे आणि मैयाही म्हणायचे. १९३७ साली पाटण्याला पूर परिषद भरली होती. बांध घालून पूर थांबत नाही, उलट वाढतो, हे तिथे बिहारच्या मुख्य अभियंत्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण १९५३ ला मोठा पूर आला, लोक संतापले, सरकारला काहीतरी करून दाखवायचं होतं. १९५४ ला नेपाळशी करार झाला आणि १९५५ च्या जानेवारीत तटबंधाचं काम सुरू झालं.

दोन्ही काठांना मिळून दोनशेहून जास्त किलोमीटर बांध. मधलं अंतर कुठे चार-पाच किलोमीटर, कुठे दहाच्याही वर. आता हे नीट वाचा: त्या दोन बांधांच्या मध्ये तीनशेच्या वर गावं होती. ती तिथेच राहिली. बाहेरच्यांना वाचवायचं म्हणून नदी आवळली, आणि आवळलेल्या नदीत ही माणसं ठेवली. पुनर्वसन म्हणून बांधाबाहेर घरापुरत्या जागा देऊ केल्या, शेती मात्र आत. बाहेर राहायचं, रोज बांध ओलांडून, नावा बदलत शेतावर जायचं? त्यात बांधाबाहेरच्या बऱ्याच जागांवर पाणी साचून राहिलं, कारण बांधाने बाहेरच्या पाण्याची वाटही अडवली होती. लोक आत परतले. आज आत लाखो माणसं आहेत.

आपल्या तालुक्यात भामा-आसखेडच्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते मी सांगायची गरज नाही. कागदावरचं पुनर्वसन आणि जमिनीवरचं पुनर्वसन यातला फरक आपल्याला पाठ आहे. इथे तर धरणग्रस्त म्हणायचीही सोय नाही. त्यांना "पूरग्रस्त" म्हणतात. म्हणजे दोष पावसाचा.

आयआयटी खरगपूरला शिकलेले दिनेश कुमार मिश्र नावाचे अभियंते आहेत, त्यांनी आयुष्य या नद्यांच्या हिशोबात घातलं. त्यांचा हिशोब साधा आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बिहारमध्ये तटबंध होते १६० किलोमीटर आणि पूरप्रवण क्षेत्र होतं २५ लाख हेक्टर. पुढच्या चाळीस वर्षांत तटबंध ३,४०० किलोमीटरच्या पुढे गेले आणि पूरप्रवण क्षेत्र झालं ६८ लाख हेक्टरच्या वर. बांध वाढले, पूर अडीचपट. कारण गाळ बाहेर पसरू शकत नाही, तो आतच बसतो, पात्र वर येत राहतं. आज कित्येक ठिकाणी आतली जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच आहे. बाहेरचा माणूस बांधाच्या भरवशावर झोपतो आणि नदी त्याच्या डोक्याच्या वर वाहत असते.

१८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमधल्या कुसहाला पूर्वेचा तटबंध फुटला. त्या दिवशी नदीला दीड लाख क्युसेकसुद्धा पाणी नव्हतं. बांध साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधला होता. म्हणजे नदीने काही विक्रम केला नव्हता, देखभालीने केला होता. बिहारच्या पाच जिल्ह्यांतले तीस लाखांच्या वर लोक पाण्यात गेले. चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल यायला २०१४ उजाडलं.

आता आपल्याकडचं २००८ आठवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या मुलांना परीक्षा केंद्रांवर मारहाण झाली. ऑगस्ट आणि ऑक्टोबर, मध्ये दोन महिने. इकडे आपण विचारत होतो की हे लोंढे येतात कुठून.

येतात इथून. मी गेलो त्या गावात अठरा ते चाळीस वयाचा पुरुष शोधावा लागतो. म्हातारे, बायका, पोरं. महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर एका आजींनी मला मुंबई विचारली नाही, ताजमहाल हॉटेल विचारलं नाही. विचारलं, चाकणहून का? त्यांनी आयुष्यात सुपौल ओलांडलेलं नाही, पण चाकण माहीत, भिवंडी माहीत, तळोजा माहीत. त्यांचा नातू आपल्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आहे. तो राहतो आपल्याच कुणाच्या तरी गुंठ्यावरच्या चाळीत, दहा बाय दहात सहा जण, भाडं माणशी. पाण्याच्या टँकरचे वेगळे. ते भाडं कोण घेतं, हे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाकत नाही. "लोंढे" म्हणणारा हात आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं मोजणारा हात बऱ्याचदा एकच असतो.

मराठीचा मुद्दा लगेच येणार, म्हणून आधीच लिहितो. इथे राहायचं तर मराठी शिकायला हवी, हे माझंही मत आहे आणि ते मी बदलणार नाही. पण ज्याला आपण "हिंदीवाला" म्हणून हाणतो त्याची आई घरात मैथिली बोलते. मैथिलीला स्वतःचं जुनं साहित्य आहे, स्वतःची लिपी होती, आणि तरी तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला २००३ साल उजाडलं. तोवर ती हिंदीच्या खात्यात मोजली जायची. हिंदीखाली दबलेली भाषा म्हणजे काय, हे त्या पोराला आपल्यापेक्षा जास्त कळतं. कुणी नीट बोललं तर तो आपल्या बाजूचा आहे. आणि हो, तिथे मला लहान-मोठे सगळे "भैया" म्हणत होते. तिकडे तो मान आहे. आपण त्याची शिवी करून ठेवली.

होमस्टेवाल्यांनो, आता तुम्ही. तुमचा हेतू चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण "एक दिवस गावकऱ्यासारखं जगा" ही जी पॅकेजं निघतात, त्यात गावकऱ्यासारखं काय जगणार? जानेवारीत जाणार, माछ-भात खाणार, नावेत बसणार. गावकऱ्यासारखं जगायचं असेल तर २०२४ च्या सप्टेंबरअखेर जायला हवं होतं. तेव्हा बीरपूरच्या बॅरेजचे सगळे ५६ दरवाजे उघडून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी सोडलं होतं, पन्नासहून जास्त वर्षांतलं सर्वांत मोठं. तेव्हा मंत्री हेलिकॉप्टरमधून बघत होते. पी. साईनाथांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' वाचलेल्यांना कळेल, पूरही कमी आवडता नाही. दरवर्षी बांध दुरुस्ती, दरवर्षी टेंडर, दरवर्षी मदतीचं वाटप. इतकं नियमित उत्पन्न मोहरी देत नाही.

बाळंतपणाची वेळ आली तर बाईला खाटेवर घालून वाळूतून नेतात, मग नाव, मग पुन्हा वाळू, मग बांध, मग रिक्षा. रात्रीची नाव मिळेलच असं नाही. हे मला तिथल्या बायकांनी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, वाटेचा तपशील म्हणून. गावात दवाखाना नाही. हापशाचं पाणी लोखंडाने पिवळं पडतं. शाळा कागदावर गावात आहे, भरते बांधाजवळ. सहावीतल्या पोराला शाळेत जायला नाव लागते आणि नाववाल्याला शेतीची कामं असतात.

तरी जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा. लोक जेवायला घालतात आणि पैसे घेत नाहीत. निघताना पोराच्या हातात नोट कोंबून फोटो काढू नका. नाववाल्याला ठरलेलं भाडं द्या, घासाघीस न करता. आणि परत येऊन "निसर्गाच्या कुशीतलं गाव" लिहू नका. त्या गावाला कुशीत निसर्गाने घेतलेलं नाही, जलसंपदा खात्याच्या दोन भिंतींनी घेतलंय.

एक गोष्ट उरली, आणि खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसलो. बांधाच्या आतल्या शेतकऱ्याची जमीन नदीने गिळली तरी तिचा शेतसारा, तिकडे लगान म्हणतात, तो त्याला भरावा लागतो. आज जिथे वीस फूट पाणी वाहतंय त्या पाण्याखालच्या जमिनीचा. भरला नाही तर उद्या नदी सरकून जमीन वर आली की ती माझी म्हणून दाखवायला हातात कागद नाही. त्यामुळे लोक चाकणहून आलेल्या पैशातून पावत्या फाडतात. आजोबांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी, अशा बांधलेल्या पावत्या दाखवल्या. घर उचलताना पत्र्याच्या आधी ती पिशवी निघते. या लगानवर वेगवेगळे उपकर लागतात. ते कसले, तर शिक्षणाचा, आरोग्याचा, रस्त्याचा आणि कृषी विकासाचा.

शाळा, दवाखाना आणि रस्ता यांचं काय झालंय ते वर लिहिलंय. एका पावतीचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय, नाव आणि खाते नंबर झाकून.