तुटत्या ताऱ्याचा पंचनामा

रात्रीचें आभाळ सर्वांत अधिक कोण पाहतो? ग्रंथ लिहिणारा नव्हे. रात्रीं वीज आली म्हणून पिकाला पाणी धरणारा, खळ्यावर निजणारा, मेंढरें राखणारा आणि माळ्यावर बसून रानडुकरें हाकणारा. एखादी उल्का लखलखत गेली तर ती प्रथम ह्याच्याच डोळ्यांना दिसते. पण तिची नोंद मात्र ह्याच्या नांवानें कोठेंहि सांपडत नाहीं. डोळे आपले आणि दप्तर दुसऱ्याचें, अशी ही गत आहे. ती आपणच बदलली पाहिजे.

तारा तुटला कीं आपण करतों काय? कोणी थुंकतो, कोणी देवाचें नांव घेतो, कोणी म्हणतो आतां थोर माणूस जाणार किंवा दुष्काळ पडणार. मग भय दाखवून शांतीचा खर्च सांगणाराहि दारांत हजर! बंधूंनो, तारा कधीं तुटत नसतो. धूमकेतूंनीं व लघुग्रहांनीं वाटेंत सांडलेले वाळूएवढे, वाटाण्याएवढे खडे सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानें आपल्या हवेंत शिरतात आणि जमिनीपासून सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर पेटून उठतात. खडा मोठा असला तर उजेड मोठा. शुक्राच्या चांदणीहून तेजस्वी दिसणाऱ्या उल्केस अग्निगोल म्हणतात. त्यांत कोणाच्याहि मरणाचें पत्र नसतें.

शेतकऱ्याच्या साक्षीला विद्वान किंमत देत नाहींत, हें दुखणें केवळ आपल्याच देशाचें नाहीं. फ्रान्स देशांत १७६८ सालीं ल्यूसे गांवाजवळ शेतांत राबणाऱ्या लोकांनीं आभाळांतून दगड पडतांना पाहिला. पॅरिसच्या पंडितांनीं तो तपासला. त्यांत लाव्हाझिएसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. निकाल काय दिला? हा जमिनीवरचाच दगड, वरून वीज पडली एवढेंच! पुढें १७९४ सालीं क्लाद्नी नांवाच्या जर्मन संशोधकानें जुन्या साक्षी एकत्र करून हे दगड आकाशांतलेच असें लिहिलें, तेव्हां त्याचीहि थट्टा झाली. अखेर २६ एप्रिल १८०३ रोजीं फ्रान्समधल्याच लेगल गांवच्या परिसरांत हजारों दगड कोसळले. सरकारनें बियो नांवाच्या तरुण शास्त्रज्ञास तेथें धाडलें. हा गृहस्थ गांवोगांव हिंडला, लोकांना विचारलें, त्यांचें बोलणें टिपून घेतलें व दगडांशीं ताडून पाहिलें. तेव्हां कोठें विद्वानांची खात्री पटली. जें रानांतल्या माणसानें डोळ्यांनीं पाहिलें होतें, तें मान्य व्हावयास पस्तीस वर्षें लागलीं!

आतां आपल्या मुलखाकडे या. नागपूर जिल्ह्यांतील काटोल येथें २२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं मोठा आवाज होऊन आभाळांतून दगड पडले. पुढें २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें कीं त्या दगडांत ब्रिजमनाइट हें खनिज आहे. पृथ्वीच्या पोटांत साडेसहाशे किलोमीटरहून खोल ह्याच खनिजाचा मोठा साठा आहे. तेथपर्यंत कोणाची पहार पोंचत नाहीं. असा दगड कोणी शेंदूर फासून ओट्यावर बसविला असता किंवा फोडून गल्लींत वांटला असता, तर ही विद्या आपणांस मिळाली असती काय?

दुसरें उदाहरण २०२२ सालच्या पाडव्याचें. २ एप्रिलच्या सायंकाळीं विदर्भांत अनेकांनीं आगीचे लोळ रांगेनें जातांना पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी गांवीं सुमारें तीन मीटर रुंदीचें धातूचें कडें पडलेलें आढळलें. ती उल्का नव्हती; चिनी अग्निबाणाचा तो जळता अवशेष असावा असें जाणकारांनीं सांगितलें. फरक ओळखणें कठीण नाहीं. उल्का पांचदहा सेकंदांत संपते, बहुधा त्याहूनहि लौकर. अग्निबाणाचे तुकडे मात्र सावकाश, एकामागून एक, मिनिटभरहि चालतांना दिसतात. म्हणून किती वेळ दिसलें हें सांगणारा साक्षीदार लाखमोलाचा.

तर पंचनामा कसा करावा तें ऐका. उल्का दिसली ती जागा सोडूं नका. मोबाइलमध्यें वेळ पाहा. कोठें उगवली व कोठें मावळली हें झाडाच्या शेंड्यावरून, कळसावरून ध्यानांत ठेवा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारें दहा अंश व्यापते. रंग कोणता, तुकडे झाले काय, हें लिहा. मनांत आंकडे मोजीत आवाजाची वाट पाहा. उजेड तत्क्षणीं येतो, गडगडाट मिनिटादीडमिनिटानेंहि येऊं शकतो. आणि “पलीकडच्या शेतांत पडली” असें कधींहि म्हणूं नका. शंभर किलोमीटरांवरची उल्काहि टेकडीमागेंच पडल्यासारखी भासते. एका साक्षीनें फक्त दिशा कळते. पन्नास किलोमीटर अंतरावरच्या दुसऱ्या गांवाची साक्ष मिळाली कीं दोन रेषा एकमेकींस छेदतात आणि मार्ग सांपडतो. दूध सोसायटीच्या दारावरील कॅमेऱ्याचें चित्रण पुसलें जाण्यापूर्वीं उतरवून घ्या.

ही साक्ष घेणारे आहेत. १९८८ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना कोणाचीहि नोंद घेते, पदवी विचारीत नाहीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींचीच आहे. दगड सांपडलाच तर फोडूं नका. छायाचित्र काढा, जागा व सांपडविणाराचें नांव लिहा आणि तहसीलदारामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यास कळवा.

कोणी विचारील, ह्यानें पोटाला काय मिळणार? धान्य मिळणार नाहीं हें खरें. पण शांतीचा खर्च वांचेल, आणि घरांतील मूल पाहिलें तेंच लिहावयास शिकेल. ज्याला पाहिलें तें लिहितां येतें, त्याला सावकाराच्या वहींतला आंकडाहि वाचतां येतो, मोजणीदाराची खूणहि तपासतां येते.

ऑगस्टांतला उल्कांचा वर्षाव आपल्याकडे ढगांत जातो. पण १३-१४ डिसेंबरची रात्र बहुधा निरभ्र असते आणि शाळू राखणारे रानांतच असतात. मध्यरात्रीपासून पहांटेपर्यंत उल्का अधिक दिसतात, म्हणून पहांटे उठणाऱ्या आयाबायांचा ह्या कामावर हक्क मोठा. येत्या डिसेंबरांत प्रत्येक वस्तीवर एक वही व एक पेन्सील असूं द्या. वहीच्या पहिल्या पानावर पाहणाराचें नांव स्वच्छ अक्षरांत लिहा. कारण पाहणारा जर आपला आहे, तर दप्तरहि आपलेंच असलें पाहिजे.