परवाना सैल, जबाबदारी कायम

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्याने बांधकाम कंत्राटदारांसाठीच्या नियमांची मांडणी बदलली आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्यात २० कंत्राटी कामगारांपासून परवाना आवश्यक होता. आता ही मर्यादा ५० आहे. मात्र परवाना लागत नाही म्हणजे कायदाच लागू नाही, असा समज छोट्या कंत्राटदारांनी करून घेणे धोक्याचे ठरेल. किमान वेतनाचे बंधन एका मजुरासाठीही आहे.

उपकराची बाब अधिक नाजूक आहे. पूर्वी अधिकारी उपकर निश्चित करीत. आता काम पूर्ण झाल्यावर बांधकाम खर्चाचे स्वयंमूल्यांकन करून तो भरावयाचा आहे. हिशेब चुकल्यास फेरतपासणी अटळ. त्यातच कल्याण निधी विनावापर पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ताशेरे ओढले होते. पैसे भरणाऱ्याचा उत्साह त्यामुळे मावळला असल्यास नवल नाही.

या निधीचा लाभ मिळण्यासाठी मजुराने वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. कंत्राटदाराने हजेरीपट नीट ठेवला नाही, तर काम करूनही मजुराची नोंदणी अडते. कामगार खात्याने हजेरीपट व उपकराचे भरलेले नमुने स्थानिक भाषांत उपलब्ध करून देणे, ही त्यामुळेच तातडीची गरज आहे.