भिडेचा जामीन

'तुम्ही नाही म्हणणार नाही, याची खात्री होती, म्हणून तर आलो!' आपल्याकडच्या कितीतरी विनंत्या या वाक्याने सुरू होतात. ऐकणाऱ्याची निम्मी वाट तिथेच बंद होते. उरलेली निम्मी त्याची स्वतःची भीड बंद करते.

मुळात 'नाही' या शब्दाशी मराठी घराचे फारसे सख्य नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, 'वाढते'. निघालेला माणूस 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. अभद्र उच्चारायचा एवढा संकोच असलेल्या भाषेने नकारालाही आडवाटा शोधल्या, तर नवल नाही. 'बघू', 'घरात विचारून सांगतो', 'पुढच्या महिन्यात आठवण करा' यांतला नकार शहाण्याने ओळखायचा असतो. मागणाराही थेट मागत नाही. मुलाची फी, आईचे आजारपण, लांबलेला पगार असे सारे सांगून झाल्यावर म्हणतो, 'म्हटलं, तुमच्या कानावर घालावं.'

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इराणमध्ये 'तारोफ' नावाचा शिष्टाचार आहे. दुकानदार आधी पैसे नकोत म्हणतो, पण ते द्यायचे असतात हे दोघांनाही ठाऊक असते. जपानी माणूस 'जरा अवघड आहे' म्हणाला, की विषय संपला असे समजावे. उलट, अमेरिकेतल्या घरी गेलेला आपला माणूस सवयीने पहिल्यांदा 'कॉफी नको' म्हणतो आणि दुसरा आग्रह न झाल्याने तसाच बसून राहतो. यजमानाने मात्र पाहुण्याच्या शब्दाचा मानच राखलेला असतो.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी 1978 मध्ये इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांच्या आधारे सौजन्याची मीमांसा मांडली. विनंतीने समोरच्याच्या मोकळिकीवर आक्रमण होते, नकाराने मागणाऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागतो, म्हणून माणसे शब्दांची गादी मध्ये ठेवतात. ती किती जाड, हे तिघांवर ठरते : नात्यातले अंतर, अधिकारातला फरक आणि मागणीचे वजन.

चहाच्या कपापुरते हे सारे गोडच आहे. पण मागणीचे वजन वाढते, तेव्हा या गादीखाली माणूस गुदमरतो. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणे हे त्याचे ठळक उदाहरण. 'नुसती सही तर करायची आहे,' असे सांगत कुणी मेहुणा, कुणी सहकारी कागद पुढे करतो. 1872 चा भारतीय करार कायदा मात्र 'नुसती सही' मानत नाही. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. हप्ते थकले, की नोटीस त्याच्याही दारात येते. पैसा जातो, नातेही जाते. ज्या नात्यासाठी नकार गिळला, तेच उरत नाही! 'भीड भिकेची बहीण' हे जुन्यांनी उगाच म्हटलेले नाही.

शिवाय भिडेचा भार सर्वांवर सारखा नसतो. साहेबाचे 'बघू' चालून जाते, शिपायाचे 'जमणार नाही' उद्धटपणा ठरतो. सासऱ्यांचा नकार हा व्यवहार, सुनेचा नकार हा स्वभाव! म्हणून 'ज्याने त्याने ठामपणे नाही म्हणावे' हा उपदेश अपुरा आहे. नकाराची सोय करून देणे हे आधी मागणाऱ्याचे काम आहे. 'अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरीकडे विचारीन' एवढे म्हणायला काही लागत नाही. मात्र ते मनापासून हवे आणि नकार आल्यावर चेहरा उतरता कामा नये.

नाही म्हणणाऱ्यानेही 'बघू'च्या खुंटीवर माणसाला टांगून ठेवू नये. लवकर दिलेला नकार हीसुद्धा मदतच असते. दुसरे दार ठोठावायला त्याला वेळ मिळतो. जामीन राहणे जमत नसेल, तर फॉर्म भरायला, बँकेत सोबत जायला, झेपेल तेवढी रक्कम हातावर ठेवायला काय हरकत आहे?

आपला आग्रह, आपले आडवळण सोडायचे कारण नाही. त्यात माया आहे. पण ज्या घरात 'नाही' म्हणता येते, त्याच घरातल्या 'हो'ला किंमत असते.