प्रयोगाचा आकडाही स्वतःचाच हवा

राज्यात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. वर्ध्यापासून आष्टी-कारंजापर्यंत आता तो सवयीचा झाला आहे. अशी स्वाक्षरी ज्या प्रमाणपत्राच्या जोरावर होते, त्याचा तपशील एकदा उघडून पाहावा. परवानाधारक संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्रात धोरणाच्या रकान्यात एक साखळी असते आणि तिची सुरुवात २.१६.३५६.१०० अशी होते. यातला २ म्हणजे आयएसओ आणि आयटीयू या दोन जागतिक संस्थांची सामाईक शाखा. १६ म्हणजे देश, ३५६ हा भारताचा क्रमांक आणि १०० म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली उभी राहिलेली आपली डिजिटल स्वाक्षरीची व्यवस्था. या साखळीला ऑब्जेक्ट आयडेंटिफायर, थोडक्यात ओआयडी, म्हणतात. जगात दुसऱ्या कुणाकडे ही साखळी नाही.

भूमापन क्रमांक ४५ प्रत्येक मौज्यात सापडेल. जिल्हा, तालुका, मौजा जोडला की तो एकाच शेताचा होतो आणि त्याचे पुढचे हिस्से त्याच क्रमांकाखाली पडतात. ओआयडीचे तंत्र हेच आहे. वरच्याने शाखा दिली की तिच्याखाली काय लावायचे, हा सर्वस्वी आपला अधिकार.

हे आज लिहिण्याचे कारण आपल्या महाविद्यालयांतले प्रकल्प. सेवाग्राम, सावंगी, पिपरी इथल्या संस्थांत हजारो विद्यार्थी, डॉक्टर, कर्मचारी आहेत. एवढ्या माणसांचे लॉगिन सांभाळायला एलडॅप पद्धतीची डिरेक्टरी हे जुने, भरवशाचे साधन. तिच्यात नाव, ईमेल असे रकाने तयार मिळतात. वसतिगृहाची खोली किंवा रक्तगट असा आपला रकाना हवा असेल, तर स्कीमा, म्हणजे डिरेक्टरीतल्या रकान्यांची व्याख्या, वाढवावा लागतो, आणि स्कीमातल्या प्रत्येक नव्या रकान्याला ओआयडी लागतोच. अंतिम वर्षाचा विद्यार्थी इथे अडतो आणि मनाला येईल तो आकडा ठोकून देतो, नाहीतर कुठल्यातरी नमुन्यातला उचलतो. प्रयोगच तर आहे, असे म्हणून मार्गदर्शकही पुढे जातात.

माझा आक्षेप नेमका यावर आहे. चाललेला प्रयोग कुणी मोडत नाही, तो वापरात जातो. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तर एकदा घातलेला रकाना पुसताच येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतो. पुढे तोच आकडा घेऊन एखादे विकतचे सॉफ्टवेअर आले की दोन्ही एकत्र नांदत नाहीत. शिवाय हे आकडे संस्थेच्या बाहेरही जातात. परदेशी नियतकालिकाच्या दारात महाविद्यालयाचे लॉगिन चालते तेव्हा ‘हा कोण’ याचे उत्तर बहुधा १.३.६.१.४.१.५९२३ या शाखेतल्या रकान्यांतून जाते. ती शाखा उच्च शिक्षणासाठी रीतसर नोंदवलेली आहे, म्हणून दोन्ही टोकांना तिचा एकच अर्थ लागतो.

रीतसर आकडा मिळवणे मुळीच अवघड नाही. आयएएनए ही संस्था १.३.६.१.४.१ या शाखेखाली मागेल त्याला एक क्रमांक देते. ऑनलाइन अर्ज करायचा, शुल्क नाही. आयबीएमचा क्रमांक २, सिस्कोचा ९, मायक्रोसॉफ्टचा ३११, ओपनएलडॅपचा ४२०३. हजारो संस्था आणि व्यक्ती याच यादीत आहेत. थांबायला वेळ नसेल, तर २.२५ या शाखेखाली यूयूआयडी, म्हणजे संगणकानेच तयार केलेला एकमेव क्रमांक, दशमान रूपात लिहावा, कुणाला विचारावे लागत नाही. मात्र तो आकडा ३९ अंकांपर्यंत लांबतो आणि काही जुन्या प्रणालींना पेलत नाही. १.१ ही शाखा मृत मानली जाते, एकट्या संगणकावरच्या खासगी चाचणीपुरती ती चालेल. १.३.६.१.३ चे नाव ‘प्रायोगिक’ आहे खरे, पण ती इंटरनेटच्या नोंदवलेल्या प्रयोगांसाठी राखलेली आहे. नावावर जाऊन तिच्यात शिरू नये.

क्रमांक हाती आला की खरे काम सुरू होते. एक शाखा चाचणीसाठी, एक प्रत्यक्ष वापरासाठी, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करावी. कोणता आकडा कुणाला, कधी, कशासाठी दिला याची नोंदवही ठेवावी. रकान्याचा अर्थ बदलला तर नवा आकडा द्यावा, बाद झालेला पुन्हा वापरू नये. अर्जावर विद्यार्थ्याचा खासगी ईमेल नको, संस्थेचा हवा. विद्यार्थी चार वर्षांनी जातो, क्रमांक संस्थेकडेच राहतो.

जिल्ह्यातल्या प्रत्येक अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या संगणक विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. आपल्या संस्थेचा क्रमांक आहे का, हे आयएएनएच्या जाहीर यादीत आधी पाहा. नसेल तर याच सत्रात अर्ज करा, आणि त्यानंतरच विद्यार्थ्यांना स्कीमाची पहिली ओळ लिहू द्या.