संगणकातला गडी सारखा का पडतो?

मैत्रिणींनो, चाचणी परीक्षा तोंडावर आली, की आम्हा शिकवणाऱ्या बायकांच्या घरचा प्रिंटर हमखास रुसतो. तुमच्याकडेही मुलांचे प्रकल्प असतातच. 'प्रिंट' म्हणावे, तर कागद हलत नाही. संगणक बंद करून पुन्हा लावला, तरी तेच! मग दुरुस्तीवाला म्हणतो, "ताई, फॉरमॅट मारावं लागेल." थांबा बरं! फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. फोटो, प्रश्नपत्रिका, हिशेब दुसरीकडे उतरवून ठेवले नसतील, तर गेलेच म्हणून समजा. त्याआधी दहा मिनिटे घरीच पाहा.

विंडोजच्या संगणकात पडद्याआड राबणारे पुष्कळ गडी असतात. छपाईच्या गड्याचे नाव 'प्रिंट स्पूलर'. छापायचा मजकूर रांगेत लावून प्रिंटरकडे धाडणे हे त्याचे काम. तो कोलमडला, की विंडोज त्याला पुन्हा उठवते. तशी सूचनाच आत दिलेली असते. पण रांगेत एखादे काम अर्धवट, बिघडलेले अडकले असेल, तर उठल्याबरोबर तो त्यालाच अडखळून पुन्हा पडतो. छापता छापता वीज गेली, तरी असे होऊ शकते. म्हणून टास्क मॅनेजरमधून त्याला कितीदाही बंद करा, उपयोग नाही. वाटेतला दगड उचलायला हवा.

स्पूल म्हणजे रीळ. आमच्या पैठणला मागावर रेशीम गुंतले, तर विणकर धोटा तसाच दामटत नाही. माग थांबवतो, गुंता सोडवतो, मगच पुढे विणतो. इथेही क्रम तोच.

१. विंडोजची कळ दाबून 'सर्व्हिसेस' इंग्रजीत लिहा आणि ते उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधा, त्यावर माऊसची उजवी कळ दाबून 'स्टॉप' करा.

२. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टीम ३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स असे फोल्डर उघडत जा. परवानगी मागितली, तर द्या.

३. प्रिंटर्सच्या आतल्या फायली तेवढ्या पुसा. फोल्डर मात्र राहू द्या. आजूबाजूचे काहीही हलवू नका.

४. पुन्हा सर्व्हिसेसमध्ये येऊन 'स्टार्ट' करा.

रांगेतली कामे जातील, ती नव्याने छापावी लागतील. तुमच्या मूळ फायलींना धक्का लागत नाही.

एवढे करूनही गडी पडतच राहिला, तर बहुधा प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडलेला असतो. तो काढून, प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच नवा घ्यावा. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून विंडोज लॉग्जमधले 'सिस्टीम' पाहा. तिथे ७०३१ क्रमांकाची नोंद असेल, तर कोणता गडी किती वेळा पडला, ते लिहिलेले सापडते. नाव आणि वेळ वहीत टिपून ठेवा. म्हणजे दुरुस्तीवाल्याशी बोलताना त्याने म्हणावे आणि आपण मान डोलवावी, असे होत नाही.

आणखी एक. विंडोजचे अपडेट टाळू नका. २०२१ साली याच स्पूलरमधल्या फटीतून परक्यांना संगणकात शिरता येत होते. त्या जुलैत मायक्रोसॉफ्टला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. आणि "तुमच्या संगणकात बिघाड आहे, आम्ही इथूनच नीट करतो," असा अनोळखी फोन आला, तर सरळ ठेवून द्या, बाई! घराच्या किल्ल्या का कुणी वाटेवरच्या माणसाला देतं?