घाटातली टकटक

भाऊबिजेला पुण्याला आक्काकडे जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. गाडीही तितकीच जुनी, वडिलांच्या वेळची. गेल्या वर्षी बोरघाट चढताना बॉनेटखाली कुणी हातोडीने ठोकावे तसा आवाज येऊ लागला.

"अहो, ऐकलंत का?" सौ. म्हणाली.

"डब्यातले लाडू वाजत असतील," मी म्हणालो.

"माझे लाडू वाजत नाहीत!"

वाचकहो, लाडू खरेच वाजत नव्हते. महिनाभर दादरच्या पुलावर हीच टकटक येत होती आणि मी कानाडोळा करीत होतो. घाटातही हट्टाने वरच्या गेअरमध्येच गाडी रेटली. लोणावळ्याला मिस्त्रीने इंजिन उघडले, तो पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडलेले आणि हेड-गॅस्केट जळालेले! आक्काच्या ओवाळणीचे पैसे तिथेच संपले.

मिस्त्रीने समजावले ते असे. फटाक्यांची माळ एका टोकाला पेटवली की क्रमाने उडत गेली पाहिजे. ठिणगीने पेटलेले पेट्रोल-हवेचे मिश्रणही तसेच शिस्तीत जळावे लागते. ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपण होऊन पेटले, की सिलिंडरला हादरे बसतात. तेच 'नॉकिंग'. त्याचे आरोपी चार : कमी ऑक्टेनचे पेट्रोल, वेळेआधी पडणारी ठिणगी, आत साचलेली काजळी आणि तापलेले इंजिन. चढावर गेअर न बदलणारा पाचवा आरोपी मी!

ही टकटक बंद करण्याचा एक उपाय अमेरिकेत टॉमस मिजली यांनी १९२१ साली शोधला : पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळायचे. इंजिने शांत झाली; पण ते शिसे धुरावाटे मुलाबाळांच्या रक्तात गेले. भारतात मोटारींसाठी असे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात सर्वांत शेवटी ते थांबले अल्जीरियात, २०२१ साली. आवाज दाबला म्हणजे दुखणे गेले असे नव्हे, हेच खरे.

आजच्या गाड्यांना नॉकिंग टिपणारा 'सेन्सर' असतो. चाहूल लागताच ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते. आमच्या गाडीला असा कान नाही. म्हणून यंदा निघण्यापूर्वी ठिणगीची वेळ जुळवून घेतली, काजळी काढवली, रेडिएटर तपासला. तरी घाटात पुन्हा टकटक आलीच, तर पाय सैल सोडायचा आणि गेअर खाली घ्यायचा.

आणि सौ. म्हणाली, "अहो, ऐकलंत का?" तर ऐकायचे!